डाव्या स्पीकरवर कानबाई

मी केळीचे खांब खांद्यावर घेऊन घरात शिरलो आणि दारातच थांबलो. माझ्या डाव्या स्पीकरवर पाट मांडला होता. पाटावर गहू, गव्हावर तांब्या, तांब्यावर नारळ, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर जरीचं हिरवं कापड. शेजारी तेलाचा दिवा, वात भरपूर मोठी. कानबाई बसली होती.

"चौरंगाचा पाय हलत होता," बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. "हा खोका मजबूत दिसला."

खोका! तो खोका मी दोन उन्हाळे घालवून सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतला होता. आतून दाबून दाबून रुई भरली होती, शिरपूरच्या जिनिंगमधून आलेली. पायाखालच्या स्टँडच्या नळ्यांमध्ये गिरणा नदीची वाळू चाळून, वाळवून ओतली होती. आणि त्याच्या डोक्यावर आता तेल, पाणी, हळद, कुंकू आणि जळती वात. माझ्या तोंडातून काय निघणार होतं ते मलाच माहीत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या भावकीतल्या थोरल्या काकू बाहेर आल्या आणि दोन्ही हात आडवे करून उभ्या राहिल्या.

"आते बठनी माय. आते कोनी हात नही लावाना."

खानदेशात हे वाक्य म्हणजे शेवटचं. श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई एकदा बसली, की सोमवारी सकाळी विसर्जनाला उठेपर्यंत तिला तसूभरही हलवत नाहीत. मी केळीचे खांब खाली ठेवले. ओरडलो नाही. कारण तासाभरात भाऊ येणार होता, आणि त्या दिवशी त्या घरात आवाज चढवायचा नाही हे मी सकाळीच स्वतःला बजावलं होतं.

भाऊ म्हणजे माझा थोरला. धुळ्याला असतो. त्याचा साऊंडचा धंदा आहे, लग्नं, हळदी, मिरवणुका, जयंत्या. आमची कानबाई दरवर्षी त्याच्याकडेच बसायची. जळगाव, एरंडोल, पहूर, जिथे जिथे आमची भावकी पांगली आहे तिथून सगळे धुळ्याला जमायचे, कारण कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनी एकत्र बसूनच खायचे असतात. यंदा त्याने फोन केला आणि म्हणाला, "तुझ्याकडे बसव." का, विचारलं तर "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवला. का या प्रश्नाला हो हो हे काय उत्तर झालं?

गेली काही वर्षं त्याचे फोन असेच झाले होते. मी काहीही सांगितलं की "हो, हो", आणि कट. पोरीला नोकरी लागली सांगितलं, हो हो. बायको दवाखान्यात आहे सांगितलं, तरी हो हो. भाऊ मनाने तुटला असं मी धरून चाललो होतो. भावकीत अशी माणसं तुटतात, कारण काय ते कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि मग रोट दोन ठिकाणी होतात. एकदा रोट वेगळे झाले की पुन्हा एक झालेले मी तरी पाहिलेले नाहीत. म्हणून त्या रविवारी मला एवढंच हवं होतं, की भाऊने यावं, बसावं, जेवावं आणि न तुटता परत जावं.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट हवी होती. माझी सिस्टीम त्याने ऐकावी.

आवाज ऐकायला मला त्यानेच शिकवलं. कॉलेजात असताना सुट्टीत मी त्याच्या गाडीवर जायचो. बॉक्सच्या मागे मिक्सरवर बसलेल्याला पुढे काय ऐकू जातंय ते कळत नाही. म्हणून तो मला पार पुढे, गर्दीच्या मध्यभागी उभा करायचा आणि मी हातांनी खुणा करायचो. तळहात वर उचलला की वाढव. तळहात खाली दाबला की कमी कर. पोटावर हात मारला की ढोल फार घुमतोय. दोन बोटं एकमेकांवर चोळली की आवाज तिखट लागतोय. आणि मूठ वर केली की बरोबर, आता हात लावू नको. ती मूठ दाखवायची वेळ आली की मला फार बरं वाटायचं. चारशे माणसांत आम्ही दोघंच एकमेकांशी बोलत असायचो.

पुढे मी जळगावला नोकरीला लागलो आणि त्या दणदणाटाचा मला वीट आला. मला घरात, खुर्चीत बसून, हळू आवाजात सगळं ऐकू यायला हवं होतं. पैसे तर बेताचेच. मग एका दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावरून जुना अॅम्प्लिफायर उचलला. त्याची गुणगुण जाईना. महिनोन् महिने मी त्या गुणगुणीमागे लागलो, शेवटी घराची अर्थिंगच खोटी निघाली. वायरमनने खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंग केली तेव्हा बायको म्हणाली, एवढ्यात विहीर झाली असती. मग स्पीकर एकेक करून मागवले, पेट्या झाल्या. रुई भाऊनेच पाठवली होती, तेव्हा तो फोनवर नीट बोलायचा. सगळ्यात शेवटी, गेल्या दिवाळीला, नवे ट्वीटर बसवले. ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला वरचा छोटा गोल, बारीक आवाज काढणारा. ते बसवले आणि मी धुळ्याच्या कानबाईत केव्हातरी रेकॉर्ड केलेली बायकांची गाणी लावली. टाळी वाजवताना होणारी बांगड्यांची किणकिण, प्रत्येकीची वेगळी, समोर बसल्यासारखी ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला. हे भाऊला ऐकवायचं, त्याच वेळी ठरवलं. त्याने नुसतं "बराबर शे" म्हटलं असतं तरी मला पुरे होतं.

दिवेलागणीच्या आधी तो आला. वहिनी पुढे, तो मागे. वाळला होता. मी पाया पडलो तर "कसा शे?" एवढ्या मोठ्याने म्हणाला की शेजारचं कुत्रं भुंकलं. मी प्रवास कसा झाला विचारलं. वहिनीच म्हणाली, बस मिळाली पटकन. मी चहा घेणार का विचारलं. वहिनीच म्हणाली, घेतील. माझं डोकं तापायला लागलं. म्हणजे आता माझ्याशी बोलायचंही नाही का? तोंड बघून बसतो, पण शब्द काढत नाही.

मग त्याची नजर पेट्यांवर गेली. उजवीपाशी उकिडवा बसला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, तळवा ठेवला, कडेवरून अंगठा फिरवला. डावीवर कानबाई बघितली आणि हात जोडले. त्या दोन मिनिटांत तो माझा जुना भाऊ होता.

आरती झाली. रोटाचा नैवेद्य झाला. पानं मांडायला अजून अवकाश होता आणि घर माणसांनी भरलं होतं. त्यात आमचा एरंडोलचा चुलतभाऊ. मंडपाचा मोठा ठेकेदार. तो लग्न घेतो आणि त्यातलं साऊंडचं काम भाऊला देतो. भाऊचं निम्मं घर त्याच्यावर चालतं म्हटलं तरी चालेल. त्याला गप्प बसवत नाही, आणि आपला सगळा धंदा भाऊच्या कानावर उभा आहे हे सांगितल्याशिवाय तर राहवतच नाही.

"धाकल्या, लाव ना तुनं मशीन. भाऊ सांगी कसं वाजस ते. ह्याना कानवर मना बठ्ठा धंदा शे."

मी कानबाईचीच गाणी लावली, हळू. पेटीसमोर लोंबणारी जरी बायकोने आधीच पिन लावून बाजूला घेतली होती, तेवढी दया तिने केली होती. बायका लगेच सूर ओळखून हसल्या. मी भाऊकडे बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. बांगड्या वाजल्या. काही नाही. तो उठला, आमच्याकडे पाठ करून अॅम्प्लिफायरपुढे बसला, डावा तळवा उजव्या पेटीवर ठेवला आणि उजव्या हाताने बटण वाढवलं.

थोडं. मग आणखी. ढोलकी घुमायला लागली. नारळावरची नथ हलायला लागली. दिव्याची ज्योत प्रत्येक थापेला वाकत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि त्या बघण्यात सगळं होतं: कानबाई कलंडली तर अपशकुन, अपशकुन झाला तर बोट दाखवायला माणूस हवा, आणि बटणावर हात भाऊचा. मी ओरडलो, "भाऊ, कमी कर!" तो वळला नाही. गलका आहे, म्हटलं. मुद्दाम करतोय, असंही म्हटलं. माझ्या घरी, माझ्या देवीसमोर, माझ्या पेट्या फोडायला आला आहे. रागाने माझे कान गरम झाले.

तेवढ्यात गाणं संपलं.

दोन गाण्यांच्या मध्ये मी थोडी जागा सोडलेली होती. खोली शांत झाली. त्या शांततेत मी स्पष्ट म्हणालो, "भाऊ, कमी कर ना रे." सगळ्यांनी ऐकलं. काकूंनी वळून बघितलं. भाऊने वळून बघितलं नाही. त्याचा तळवा पेटीवर तसाच होता, काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि दुसऱ्या हाताने तो बटण अजून वाढवत होता. शांततेत. काहीच वाजत नसताना.

मला कळलं. हो हो. वहिनीची उत्तरं. यजमान म्हणून प्रत्येकाशी बोलावं लागेल या धाकाने "तुझ्याकडे बसव." आयुष्यभर बॉक्सच्या भिंतींमध्ये उभा राहिलेला माझा भाऊ, त्याला ऐकूच येत नव्हतं. गाण्यातलं जे काही त्याच्यापर्यंत पोहोचत होतं, ते त्या तळव्यातून.

पुढचं गाणं आता सुरू होणार होतं, आणि बटण पार वर गेलं होतं. चुलतभाऊ मागे बसून भाऊच्या पाठीकडे टक लावून बघत होता.

मी बायकांमधून वाट काढत भिंतीकडे गेलो, कानबाईच्या शेजारी, जिथे मी भाऊच्या डोळ्यांसमोर येईन. गाणं सुरू झालं. पहिल्या थापेला नारळ एका अंगाला झुकला, कुणीतरी "अगं माय!" म्हणून किंचाळलं, बायकोने दोन्ही हात तांब्याभोवती धरले. मी तळहात खाली केला आणि दाबला, दाबला, दाबला.

भाऊने वर बघितलं. माझा हात बघितला. त्याची बोटं लगेच फिरली, आवाज खाली, खाली, आणि बरोबर हव्या त्या जागी आल्यावर मी मूठ वर केली. तो थांबला. त्याच्या डोळ्यांत भीती होती. माझ्या थोरल्या भावाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"एवढा कशाले वाढावा, भाऊ?" मागून चुलतभाऊ.

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी कितीही ओरडलो तरी वाढवत ने म्हटलं, आवाज कुठे फाटतो ते बघायला."

"मंग सांग ना, भाऊ. कसं शे?"

खोली त्याच्या उत्तरासाठी थांबली. बांगड्या वाजत होत्या, प्रत्येकीच्या वेगळ्या. भाऊ चुलतभावाकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. मी दोन बोटं एकमेकांवर हळूच चोळली. मग छातीपाशी मूठ धरली.

भाऊ उठला. धोतराला हात पुसले. "तिखं जरासं जास्त शे," तो म्हणाला, नेहमीच्या ऐटीत. "बाकी बठ्ठं बराबर शे."

"देखा!" चुलतभाऊ सगळ्यांना म्हणाला. "कान म्हनतस ह्याले!"

ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं पेट्या भरत बसलो होतो तो शब्द मला मिळाला, आणि तो मीच त्याला दिला होता. मला रडू आलं. धूप डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. मग आम्ही सगळे एका पंगतीत रोट खायला बसलो.

सोमवारी सकाळी वहिनीने कानबाई पाटासकट डोक्यावर घेतली आणि आम्ही मेहरूण तलावाकडे निघालो. पुढे ढोल-ताशा, बायकांच्या फुगड्या. भाऊ माझ्या बाजूने चालत होता.

"डागतरले दखाडं," तो एकाएकी म्हणाला. "कानले मशीन लावाले सांगस. मशीन लाईसन मंडपमा उभा ऱ्हायनू तं काम कोन देई माले?"

मी म्हणालो, मशीन लाव, काम जाईल ते जाईल, मी आहे. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. ढोलात त्याला काही कळलं नव्हतं.

"दिवाळीनंतर लगनं शेतस," तो म्हणाला. "मना समोर उभा ऱ्हाशी का? पहिलेसारखा?"

मी हो म्हणालो. मग लक्षात आलं, आणि मी मूठ वर केली.