पाणी उतरायची वाट

कोल्हापूरकरांना पाण्यातलं भारी कळतं, निदान त्यांना तरी तसं वाटतं. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की अख्खं शहर नटूनथटून पूर बघायला निघतं. पोरं खांद्यावर, हातात भाजलेलं कणीस, आणि कुठलं देऊळ बुडालं, कुठला रस्ता बंद झाला याची पुलावर उभ्या उभ्या चर्चा. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी कोकणातून इथं आले, तेव्हा सासरच्यांनी मलाही हौसेनं पूर दाखवला. समुद्राकाठी वाढलेल्या मला त्या जत्रेचा राग आला होता. पण नवी नवरी बोलते कुठं?

थोड्या दिवसांनी पाणी उतरायचं. सासऱ्यांचा नदीकाठचा ऊस बुडून वर यायचा आणि गाळावर पुन्हा फोफावायचा. पाणी येतं तसं जातं, ही त्यांची देवावरच्या श्रद्धेइतकीच पक्की श्रद्धा होती.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. सरबताच्या ग्लासात तरंगणारा बर्फ विरघळला तर ग्लास उतू जात नाही, पण बाहेरचा खडा आत टाकला तर पाणी चढतं, असं फळ्यावर काढून दाखवायचे. ग्रीनलंडच्या, अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, तो हा बाहेरचा खडा. शिवाय तापलेलं पाणी फुगतं, ते वेगळंच. एकदा वर्गातून आवाज आला, "मग समुद्र जवळ येईल की बाई, ट्रिपला बरं." सगळा वर्ग हसला. परीक्षेत त्यावर एक प्रश्न यायचा, तेवढाच त्यांचा समुद्राशी संबंध.

माझा संबंध निराळा होता. आई गेल्यापासून बाबा समुद्रालगतच्या घरात एकटेच राहत. दर उधाणाला पाणी थोडं आणखी आत येऊ लागलं होतं. नारळाची पुढची ओळ मुळं उघडी पडून आडवी झाली. शेजारची घरं वर सड्यावर, कातळाच्या माळावर, सरकली. सगळं काही एकट्या ध्रुवावरच्या बर्फानं केलं असं मी म्हणणार नाही; खाडीतली वाळू उपसणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. पण समुद्र चढत होता, आणि पुढंही चढतच जाणार होता.

दोन हजारच्या आसपास बाबा घाट चढून कोल्हापुरात आले. लेकीकडे मुक्काम वाढवायचा नाही हा त्यांचा बाणा, पण सल्ला हवा होता. सड्यावर आपला तुकडा आहे, हातपाय चालतायत तोवर तिथं दोन खोल्या बांधाव्यात का, असं ते व्याह्यांना विचारत होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर सासरे म्हणाले की आधी चहा टाक, बाकीचं आम्ही बघतो. मी चहा टाकला. स्वयंपाकघरात त्यांचा खणखणीत आवाज ऐकू येत होता.

"पावणं, पाणी आलं म्हंजे जातंय. आमी काय पूर बघितला न्हाय व्हय? चार दिस कळ काढा, उतरंल की."

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मी बाबांना म्हणाले की हा पूर नव्हे, खोल्या बांधाच. सासरे हसले. पुस्तकातलं पाणी निराळं आणि नदीतलं निराळं, असं काहीतरी बोलले. व्याह्यांचा शब्द मोडून लेकीचं ऐकायचं, हे बाबांच्या पिढीत बसत नव्हतं. ते परत गेले आणि खोल्यांसाठी ठेवलेल्या चिऱ्यांचा समुद्राच्या बाजूला गडगा, दगडी बांध, घातला. दोन पावसाळे तो टिकला. मग विहीर बिघडली.

"पाणी खारा झाला गो चेडवा," असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

तोवर बांधकाम काढण्याचं त्यांचं वय उरलं नव्हतं. गोड पाणी सड्यावरून आणावं लागे, आणि चढण त्यांना झेपत नसे. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. जेवण ते अळणी करायचे आणि वर पाणी खारं प्यायचे. इकडे या म्हणून मी हातापाया पडले, पण आले नाहीत. एका उन्हाळ्यात सकाळी ते उठलेच नाहीत.

दिवसांना सासरे जीप करून आले. विधी आटोपल्यावर पडलेल्या गडग्याशी जाऊन उभे राहिले, अगदी पुलावर उभे राहायचे तसे, हात पाठीमागं बांधून. बराच वेळ बघून म्हणाले, "लईच आत आलंय की. कधी उतरायचं म्हंतात?"

ऊन फार होतं, त्यांनी पाणी मागितलं. मी विहिरीवर गेले, कळशीभर पाणी ओढलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. पहिलाच घोट त्यांनी बाजूला थुंकला.

"ह्यात मीठ घातलंस काय?"

"नाही मामंजी," मी म्हणाले. "बाबा हेच प्यायचे. उतरायची वाट बघत."

त्यांनी तांब्या गडग्यावर ठेवला आणि जीपमधली पाण्याची बाटली आणायला ड्रायव्हरला हाक मारली.