मातीच्या गोळ्यांची शेवटची बुट्टी

ज्ञानू तोरस्कराच्या गोफणीची तऱ्हाच न्यारी. दुसऱ्यांच्या गोफणीतून दगड सुटायचा, ह्याच्या गोफणीतून माती. आणि हे काही एखाद-दुसऱ्या वर्षाचं नव्हे, चांगली त्रेचाळीस वर्षं. पन्हाळ्याच्या पायथ्याला ज्यांची रानं डोंगराला चिकटलेली, त्यांच्याकडं बिनबोलावता येणारी पावणेमंडळी ठरलेली. दिवसा पाखरं, दुपारी वानरं, आणि आता आता गवेसुद्धा. त्यांना हाकलायला कुणी डबडं बडवतं, कुणी फटाके लावतं, कुणी बांधावर बायकोची जुनी साडी ताणतं. ज्ञानूकडं अंबाडीच्या वाखाची गोफण, आणि बांबूच्या विणलेल्या बुट्टीत मातीचे गोळे.

मातीच का, त्याचीही एक गंमत आहे. ज्ञानूचं लग्न होऊन आठ दिवस झाले होते. नव्या नवरीला आपला हात दाखवावा म्हणून गडी शाळूच्या राखणीच्या माळ्यावर चढला. ओढ्यातला गुळगुळीत गोटा गोफणीत घातला, डोक्यावर तीन गिरक्या दिल्या आणि पोपटांच्या थव्यावर सोडला. पोपट हसत हसत उडून गेले. गोटा बांध ओलांडून शेजारच्या नेमगोंडाच्या खांद्यावरच्या कळशीला लागला. तांब्याची कळशी, बाप्यानं मुठीनं मारावं तसा पोचा आला. नेमगोंडा पाण्यानं निथळत तसाच ज्ञानूच्या दारात हजर.

"वैनी, वीतभर इकडं आला असता तर आज आमच्या घरात रडारड हुती की! तुमचं मालक नेमबाज हाईत, पर नेम कुणावर हाय ते त्यास्नीच ठावं न्हाय."

नव्या नवरीच्या, बनाबाईच्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याकाठची तांबडी माती घेऊन आली, त्यात भाताचा भुसा आणि चुलीतली राख कालवली, आणि लिंबाएवढे गोळे वळत बसली.

ज्ञानू म्हणाला, "ह्यानं पाखरू मरंल व्हय?"

"पाखरू मारायचं हाय का उठवायचं हाय?"

"उठवायचं."

"मग? आन् दगड रानात पडला की तिथंच ऱ्हातोय. उद्या खुरप्याला त्यो माझ्याच गाठ पडणार, धार माझीच जाणार. माती पडली की मातीच हुती."

नवरी आठ दिवसांची, पण हा निकाल त्रेचाळीस वर्षं टिकला. त्या दिवसापासून ज्ञानूच्या माळ्यावर दगड चढला नाही. एखादा दिसलाच तर बनाबाई ओच्यात घालून ओढ्यात टाकून यायची.

गोळे करायचे वैशाखात. माती कालवणं, मुरवणं, वळणं, आधी सावलीत आणि मग उन्हात वाळवणं. प्रत्येक गोळ्यावर ती उजव्या हाताचा अंगठा दाबून एक खळी पाडायची. तिथं आपला अंगठा टेकवला की गोळा गोफणीच्या झोळीत बरोबर बसायचा. बनाबाईच्या अंगठ्यावर लहानपणी विळा लागल्याची आडवी खूण होती. त्यामुळं प्रत्येक खळीत एक बारीक रेघ उमटायची. गोळे वाळले की परीक्षा. एक उचलायचा आणि खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. दोन तुकडे झाले तर माल कच्चा, अख्खा ढीग पुन्हा भिजवायला. पडल्या पडल्या पीठ झालं तर पास.

"चांगला गोळा पडला की उरत न्हाय," ती म्हणायची. "उरला तर त्यो दगडच की."

गाव हसायचं. चावडीजवळच्या चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय ज्ञानबा, पाखरास्नी मारतोयस का गुलाल लावतोयस?" पण त्याच गोळ्यानं एकदा मोठं काम केलं. भुईमूग उपटून नेणारा एक चोर दिवेलागणीला रानात घुसला. ज्ञानूनं आवाजावर गोळा सोडला. धप्प झालं, 'आयायायाया' झालं, आणि चोर पळाला. दुसऱ्या दिवशी टपरीवर एका चांगल्या घरच्या माणसाच्या पांढऱ्या विजारीवर, बसतो त्या जागी, तांबडा गोल शिक्का! गडी उभ्यानंच चहा पीत होता. ज्ञानू धावत घरी सांगायला आला. बनाबाईनं ऐकून घेतलं आणि सूपभर शेंगा त्या माणसाच्या बायकोकडं पाठवून दिल्या. "भूक असंल तर मागून न्यावं म्हणावं. विजार धुवायला साबण नगो, नुसतं पाणी पुरं." तो माणूस पुढं आयुष्यभर बनाबाई दिसली की टोपी काढायचा.

अशा पुष्कळ गोष्टी ज्ञानू सांगायचा. गेल्या आषाढात त्या थांबल्या. बनाबाईला ताप आला. गावात दोन दिवस गेले, मग कोल्हापूरला नेली, आणि पाचव्या दिवशी गाडी परत आली ती सावकाश. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. आधारकार्डावरचा होता, तोच मोठा करून मुलानं, विश्वजितनं, भिंतीवर लावला. ज्ञानू त्याच्याकडं बघायचा आणि मान फिरवायचा. त्या फोटोतली बाई बनाची कुणी सावत्र बहीण असावी, तशी दिसायची.

मग एके दिवशी माडीवर पेंड शोधताना त्याला ती बुट्टी दिसली. वैशाखात केलेले गोळे, वाळवून, परीक्षा करून, वर गोणपाट झाकून ठेवलेले. त्यानं एक उचलला. आपला अंगठा खळीत टेकवला. रेघ हाताला लागली. त्यानं गोळा जागच्या जागी ठेवला आणि गोणपाट पुन्हा नीट झाकलं.

त्या वर्षी शाळू झकास आला. कणसं दुधात आली तशी पाखरं लोटली. ज्ञानू रोज सकाळी बुट्टी घेऊन माळ्यावर चढायचा, बुट्टी शेजारी ठेवायचा, आणि गोफण मोकळीच फिरवायचा. गोफणीच्या शेपटाचा आवाज मोठा, फटाका वाजल्यासारखा. पाखरं चार दिवस भ्याली. पाचव्या दिवशी त्यांना कळलं की म्हातारा नुसताच वाजवतोय. मग ती त्याच्यादेखत कणसावर बसून खायला लागली.

विश्वजित शिरोलीला फौंड्रीत कामाला, आठ-आठ दिवस तिकडंच. रानाचं सगळं सुनेच्या, स्वप्नालीच्या अंगावर. ती एक दिवस माळ्याखाली येऊन उभी राहिली. हातात अर्धं खाल्लेलं कणीस.

"मामा, गोळं हाईत न्हवं बुट्टीत? मग मारा की!"

"मारतो."

"कवा? पाखरं सुगी करून गेल्यावर? आवो, वर्षाची भाकरी हाय ती."

ज्ञानूनं गोफण पुन्हा मोकळीच फिरवली. ती चिडली. "आत्तींनी ते मारायला केल्यात का पुजायला?" म्हणाली खरी, पण तिचंच तोंड उतरलं. कणीस तिथंच टाकून ती गेली.

बांधापलीकडून नेमगोंडानं सगळं ऐकलं होतं. आता तोही सत्तरीचा, गुडघे धरून चालणारा. "ज्ञानबा, पाखरास्नी एवढं जेवाण तर आमच्या जैनांतबी कुणी घालत न्हाय रं. पुढच्या जन्मी तू आमच्यात येणार बघ." ज्ञानूला हसू आलं नाही. नेमगोंडानं बुट्टीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तिच्या हातचं हाईत, व्हय?"

"शेवटलं."

नेमगोंडा पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. उलट रोज दुपारी आपल्या बांधावर उभा राहून ज्ञानूच्या शाळूवरची पाखरं तोंडानं हाकलायचा. जन्मात त्यानं आपल्या रानातलं पाखरू हाकललं नव्हतं.

पौषातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. खालच्या अंगाला गलका उठला. रात्री डोंगरातून उतरलेला गवा उसात अडकला होता, आणि गावातली पोरं मोबाईल वर धरून त्याच्या मागं लागली होती. कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी गाडीचा हॉर्न वाजवतंय. जनावर बिथरलं. काळाकुट्ट, खांद्याला पुरुषभर उंच, तोंडाला फेस. ऊस मोडून ते बाहेर आलं आणि बांधाबांधानं सुसाट वर निघालं.

त्याच बांधावरून स्वप्नाली वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन खाली येत होती. भाऱ्याच्या पाती डोळ्यांवर आलेल्या. एका बाजूला ओढ्याची दरड, दुसऱ्या बाजूला नेमगोंडाचं तारेचं कुंपण.

"स्वप्ने! मागं फिर!" ज्ञानू ओरडला. तिनं भारा टाकला, समोर बघितलं, आणि पाय जागीच रुतले.

ज्ञानूनं गोफण वाजवली. गव्यानं कानसुद्धा हलवला नाही. त्यानं माळ्यावर दगड चाचपला. दगड कुठला? बनानं त्रेचाळीस वर्षांत एक राहू दिला नव्हता. हाताला बुट्टी लागली.

अंगठा खळीत बसला. रेघ जाणवली. ती जाणवेपर्यंतच काय तो उशीर.

पहिला गोळा गव्याच्या नाकापुढं चार हातावर पडला आणि तांबडा धुरळा उडाला. जनावर बिचकलं, पण थांबलं नाही. दुसरा त्याच्याही अलीकडं. तिसरा थेट कपाळावर. त्याच्या शिंगांमध्ये तांबड्या मातीचा ढग फुटला. गवा अडखळला, डोळे मिचकावले, फुर्रर्र केलं. ज्ञानूनं हात थांबवला नाही. खळी, रेघ, गिरकी, फाट्. खळी, रेघ, गिरकी, फाट्. स्वप्नाली आणि गवा यांच्यात तांबड्या धुरळ्याची भिंत उभी राहिली. गवा वळला, ओढ्यात उतरला आणि पलीकडच्या झाडीतून डोंगराला लागला.

ज्ञानूचा हात पुन्हा बुट्टीत गेला. बुडाला नुसती भुकटी लागली.

तो माळ्यावरून उतरला तेव्हा स्वप्नाली विस्कटलेला भारा धरून बांधावर बसली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लागलं न्हाय न्हवं?" तिनं मान हलवली. तेवढ्यात मागची पोरं आली. "आबा, एक नंबर! सगळा व्हिडिओ घावलाय!"

"बघू," ज्ञानू म्हणाला. "त्यात गोळं दिसत्यात?"

पोरांनी मोबाईल पुढं धरला. गवा दिसत होता. हात फिरवणारा म्हातारा दिसत होता. धुरळा दिसत होता. गोळा एकही दिसत नव्हता.

ज्ञानूनं मोबाईल परत दिला आणि वाकून बांधावरून चालू लागला. ढेकळं उलटीपालटी करत, गवताच्या बुडख्यात बोटं घालत. पोरांना कळेना, ती निघून गेली. नेमगोंडाला कळलं. गुडघ्यावर हात दाबून तोही तारेखालून आला आणि दुसऱ्या कडेनं शोधू लागला. मग स्वप्नालीही उठली. काय शोधायचं ते तिनं विचारलं नाही. पदर खोचला आणि दोघांच्या मधोमध वाकली. खळीचा एक तुकडा, रेघ असलेला, नखाएवढा जरी मिळाला असता!

दुपारपर्यंत तिघं शोधत होती. शेवटी नेमगोंडा कंबर धरून उभा राहिला.

"एकबी सापडंना रं ज्ञानबा."

"न्हाय सापडायचा," ज्ञानू म्हणाला. मुठीतली तांबडी भुकटी त्यानं बांधावरच सोडली. "बनानं केल्यालं हुतं. एकबी कच्चा न्हवता."

संध्याकाळी स्वप्नालीनं सवयीनं ती बुट्टी धुवायला मोरीत नेली. तांब्या तिरका केला आणि तिचं लक्ष बुडाकडं गेलं. विणीच्या फटींत तांबडी धूळ बसली होती. तिनं तांब्या खाली ठेवला. बुट्टी तशीच कोरडी आत आणली आणि फोटोशेजारच्या खुंटीला अडकवली. ज्ञानूनं बघितलं. त्या दिवशी तो फोटोवरून मान न फिरवता बराच वेळ तिकडं बघत जेवला.