गंगम्माचं 'चालू'

देगलूरमध्ये जमिनीखालून नळाची, फोनची, इंटरनेटची जी लाइन जाते, तिच्यातली निम्मी तरी गंगम्माने खणलेली आहे. बाई पंचावन्नच्या आसपासची. माहेर तेलंगणातलं. कुठल्या गल्लीत कोणता पाइप कुठून गेलाय, हे ती पायाने दाखवते. "हितं पानी, तितं फोन. मधी कुदळ घालू नका."

अशा बाईला खणायचं कसं, हे मी शिकवलं. मी कॉमर्सचा पदवीधर, वर्षभरात निवृत्त होणारा हेडक्लार्क. मी तिला नकाशा छापून दिला: दोन पाइप, एक विजेचा, एक डेटाचा, मध्ये फूटभर अंतर, खोली दोन फूट. तिने नकाशावर तंबाखूची पुडी ठेवली आणि खड्ड्यात डोकावून विचारलं, "सार, वायर पुरायची का मढं?"

वायर परसातल्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापासून अक्काच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत न्यायची होती. सौदामिनीअक्का माझी थोरली बहीण. जन्मभर भूगोल शिकवला, पण शनी कधी दुर्बिणीतून पाहिला नाही. आता गुडघ्यांमुळे परसाच्या तीन पायऱ्या उतरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ऑपरेशनसाठी लातूरला न्यायचं होतं. "भुलीतून उठले नाही तर शनी राहून जाईल रे अनंता," असं ती दोनदा हसत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हसली नाही. म्हणजे जे काही करायचं ते आजच.

दुपारपर्यंत विजेची केबल गेली. डेटाची ओढायची बाकी होती, तरी मी चर बुजवून घेतला. उघडा चर मला अव्यवस्थित वाटतो.

मग मी दुर्बिणीपाशी, पाइपातून आधीच ओवलेली दोरी ओढायला; गंगम्मा अक्काच्या खिडकीखाली, दोरीला बांधलेली केबल पाइपात सोडायला. मध्ये न्हाणीघर. एकमेकांना दिसत नव्हतो.

"चालू?" मी ओरडलो.

थोड्या वेळाने उत्तर आलं, "चालू!"

मी ओढलं.

"चालू, सार, चालू!"

काय हा उत्साह! मी दुर्बिणीच्या चौथऱ्याला पाय लावून जोर केला. तिचा आवाज चढत गेला, तसा मला हुरूप चढत गेला. शेवटी दोरी एकदम हलकी झाली आणि मी मागच्या मागे वाफ्यात बसलो. गंगम्मा धावत आली.

"चालू चालू म्हनायले, तरी वडूनच राहिले!"

"चालू म्हणजे ओढतच राहायचं ना?"

"आमच्या तेलुगूत चालू म्हंजी बास!"

केबलचं पलीकडचं टोक पाइपात गडप झालं होतं.

अठ्ठावीस वर्षं मी या गावात आहे. लग्नाच्या पंगतीत तेलुगू पाहुणे पानावर आडवा हात धरून "चालू, चालू" म्हणायचे आणि मी दुसरी बादली आणायला पळायचो. मला वाटायचं, माझ्या हाताचा भात लोकांना फार आवडतो.

ऊन उतरलं होतं. पाइपाला दोन वळणं, दोरीही पाइपातून सगळी बाहेर आलेली. चर पुन्हा कुठून उकरायचा, याचा मी नवा नकाशा काढायला घेतला. गंगम्माने तिकडे पाहिलंही नाही. माझ्या बाजूने सगळी केबल बाहेर ओढली, कोपरावर गुंडाळली, परसातून सरळ जमिनीवर अंथरली आणि टोक खिडकीतून आत टाकलं.

"एका रातीचं काम. कोन बघायलंय?"

साडेसातला अक्काच्या पलंगासमोर टीव्हीवर चित्र उमटलं. पिवळसर ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. कडं कुठेच नाही.

"अक्का, वायर उघड्यावर आहे ना, त्यामुळे चित्र बिघडलंय."

"गप बस. कडं आपल्याकडे धार करून उभं आहे. चौदा-पंधरा वर्षांतून एकदाच असं दिसतं. वर्गात सांगत आले, आज पाहिलं." तिने डोळे पुसले आणि पलंगावर सरकून जागा केली. "गंगम्मा, बस इथं."

"अम्मा, ह्यो मन्यात सुई घातल्यावानी काय हाय?"

अक्का सांगू लागली. मला वाटलं, दुर्बिणीची माहिती मीही थोडी द्यावी, म्हणून पुढे झालो.

"सार, बाजूला व्हा," गंगम्मा म्हणाली. "काई दिसंना."