डिंकबाई आणि सोललेले नियम

माझ्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या ऑफिसात डिंकबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे! पण हल्ली तो शब्द कुणी हसत उच्चारला की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदा काय ते सगळं सांगूनच टाकते.

जाऊबाई जिल्हा शिक्षण कार्यालयात आहेत. त्यांच्याकडे नियमांचं कपाट. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांनी कसं वागायचं, दाखला कधी द्यायचा, सहल कुठवर न्यायची, वर्गात साप निघाला तर आधी कुणाला कळवायचं, हे सगळं त्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकांत. एखादा नियम बदलला की वरून परिपत्रक यायचं. मग जाऊबाई नवा मजकूर टाइप करायच्या, तेवढाच तुकडा कात्रीने कापायच्या आणि जुन्या मजकुरावर चिकटवायच्या. डिंक फक्त वरच्या कडेला. चिठ्ठी उचलली की खाली जुना नियम, सोडली की नवा. काही नियम इतक्यांदा बदललेत की चिठ्ठीवर चिठ्ठी बसून पुस्तकांची पोटं सुटलेली. शाळांनाही त्याच चिठ्ठ्या टपालाने जायच्या, पण मुख्याध्यापक त्या ड्रॉवरमध्ये टाकून मोकळे. अडलं की सरळ फोन. "बाई, शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेचं काय झालं हो?" जाऊबाई पान काढायच्या, वाचून दाखवायच्या आणि वर दोन शब्द सुनवायच्या. "चिठ्ठी पाठवली होती. तिचं काय लोणचं घातलंत?"

स्वभावाने म्हणाल तर फटकळ. आम्ही एकाच घरात, वर त्या आणि खाली आम्ही, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून आमची धुसफूस चालूच. जिन्यातल्या चपलांवरून आम्ही आठवडाभर अबोला धरलेला आहे. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, बिचारे गरीब गाय. त्यांना स्वतःच्या घरात पंखा लावायचा तरी आधी जाऊबाईंचा चेहरा बघून अंदाज घ्यावा लागतो. पण माझ्या लेकीवर जाऊबाईंचा जीव. ती त्यांना मोठी आई म्हणते आणि मला नुसतं आई. यावरूनही माझं एकदा बिनसलं होतं, जाऊ दे.

लेकीला लहानपणापासून दमा. दम्याचा पंप तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, कायम. छाती भरून आली की एक दाब, थोडं बसायचं, की पुन्हा खेळायला पसार. तो हाताशी असला की दमा आहे हेसुद्धा आम्ही विसरून जायचो.

तर ऑफिसात नवे साहेब आले. त्यांच्या डोक्यात आलं की हे सगळे नियम कॉम्प्युटरवर टाकायचे. कल्पना वाईट नव्हती, उगाच का नावं ठेवा. कुठल्याही मुख्याध्यापकाने बसल्या जागी शब्द टाकावा आणि नियम समोर यावा. जाऊबाईंनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली की विषयवार लावा, आईबाप ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांत लावा. साहेब म्हणाले, "तुम्ही आता आवक-जावक बघा, हे तांत्रिक काम आहे." झालं. जाऊबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मला विचारलं नाही ना? मग मीही त्या साइटकडे ढुंकून बघणार नाही." आणि खरंच नाही बघितलं. त्या रुसव्याचा मला आजही राग येतो, हेही सांगून टाकते.

काम एका कंत्राटदाराला गेलं. त्याची माणसं आली, पुस्तकं स्कॅनरवर ठेवायला लागली. चिठ्ठ्यांमुळे पान सपाट बसेना, सावली पडायला लागली. करारात लिहिलेलं की प्रत्येक पान स्वच्छ आणि पूर्ण वाचता आलं पाहिजे. मग त्यांनी काय करावं? चिठ्ठ्या सोलल्या! केळं सोलावं तशा, सगळ्या. पानं कशी गुळगुळीत झाली. साहेबांनी साइट उघडली, झकास दिसत होती, उद्‌घाटन झालं, पेढे वाटले. आणि जिल्ह्यातला बदललेला प्रत्येक नियम बदलायच्या आधीचा होऊन बसला. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. नियम वाचतंय कोण!

वाचणारी एक निघाली, तीही नेमकी आमच्या नशिबी. लेकीच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. तरुण, काटेकोर, कुणाला दुखवायचं नाही आणि कुठे चुकायचंही नाही अशातल्या. त्यांनी साइट शब्द न् शब्द वाचली आणि एका सकाळी लेकीचा पंप काढून घेतला.

मी तणतणत शाळेत गेले. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि छापलेलं पान पुढे ठेवलं. "कोणतेही औषध विद्यार्थ्याजवळ असू नये. सर्व औषधे कार्यालयात कुलूपबंद ठेवावीत."

"अहो, पण तिला मैदानात झटका आला तर?"

"तर तिने कार्यालयात यायचं. आम्ही लगेच काढून देऊ."

"श्वास कोंडलेलं पोर चालत येणार आहे का ऑफिसात?"

"मला कळतं हो तुमचं," त्या म्हणाल्या. खरंच कळत असावं, डोळ्यांत दिसत होतं. "पण नियम आहे. उद्या दुसऱ्या मुलाने ते औषध ओढलं तर जबाबदार मी."

मी घरी येऊन जिन्यातूनच हाक मारली. "वहिनी! तुमच्या नियमांनी माझी पोर मारायची ठरवलीय का?"

जाऊबाई खाली आल्या. छापील पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा नियम नाहीये, अगं. हा कधीच बदललाय. तातडीचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मुलाने स्वतःजवळ ठेवायचं. मीच चिकटवलंय."

"मग ते कुठे गेलं?"

त्यांनी पहिल्यांदा साइट उघडली. माझ्याच फोनवर, माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या राहून. एक पान, दुसरं पान, तिसरं. नुसतं बोट सरकवत होत्या. मग खाली बसल्या. "सोलली गं सगळी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. चिठ्ठ्या सापडल्या. जिन्याखाली, खराट्यांशेजारी, एका पोत्यात कोंबलेल्या. कंत्राटदाराने प्रामाणिकपणे परत केल्या होत्या, वर लिहिलेलं "कचरा". आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि शोधायला लागलो. जेवणाच्या सुट्टीनंतर ती औषधाची चिठ्ठी सापडली. मी तर आनंदाने ओरडलेच. धावत साहेबांकडे.

साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "यावर नियमाचा क्रमांक कुठे आहे?"

क्रमांक नव्हता. कशाला असेल? चिठ्ठी जागेवर चिकटलेली असायची, क्रमांक शेजारीच छापलेला. जाऊबाईंनी कधी घातलाच नव्हता.

"मग ही कुठल्या नियमाची, कशावरून?"

"मी सांगते ना, साहेब."

"बाई, तुम्ही सांगून कसं चालेल? मूळ परिपत्रक आणा. नाहीतर वर विचारणा करू. उत्तर येईल यथावकाश."

"आणि तोपर्यंत?" मी मध्येच विचारलं. "तोपर्यंत पोरीने श्वासही यथावकाश घ्यायचा का?"

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही टेबलावरचं पेपरवेटच बोललं.

विचारणा गेली. वर कुठेतरी जाऊन पडली. जाऊबाई रोज जुन्या गठ्ठ्यांत परिपत्रक शोधत होत्या, मी रोज दुसरा पंप घेऊन शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहत होते, लोक मला वेडी समजायला लागले होते. आणि मी फाटकाशी नव्हते त्याच दिवशी ते झालं. कवायतीच्या तासाला लेक धावता धावता बसली. कवायतीचे सर ऑफिसकडे पळाले. कपाटाला कुलूप, किल्ली कारकुनाकडे, कारकून बँकेत. सरांनी कपाट उचकटायचा प्रयत्न केला, लोखंडी कपाट ते, हललंसुद्धा नाही. शेवटी तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता आणि ओठ निळसर. वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर. मी त्यांना म्हटलं, पुढचं बोलू नका.

जाऊबाई आल्या, तिच्या पायाशी उभ्या राहिल्या. मी त्यांना वाट्टेल ते बोलले, सगळ्या दवाखान्यासमोर. "रुसून बसला होतात ना? एकदा, एकदा ती साइट उघडून बघितली असती!" त्या एका शब्दानेही उलटून बोलल्या नाहीत. त्यांनी भांडावं असं मला इतकं कधी वाटलं नव्हतं.

मग मात्र साहेबांची पळापळ. वर्तमानपत्रात बातमी गेली तर काय घ्या! जे पत्र यथावकाश येणार होतं ते दुसऱ्याच दिवशी घरपोच आलं. "विशेष बाब म्हणून सदर विद्यार्थिनीस औषध स्वतःजवळ बाळगण्यास परवानगी देण्यात येत आहे." खाली सही, शिक्का. मी ते छातीशी धरलं. झालं आमचं काम, असंच मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

लेक शाळेत जायला लागली त्या दिवशी आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. मुख्याध्यापिका रडवेल्या झाल्या होत्या. पत्र वाचून त्यांनाही हायसं वाटलं. त्यांनी किल्ली मागवली, कपाट उघडलं.

वरच्या फळीवर पंपच पंप. निळे, तपकिरी, प्रत्येकावर कागद गुंडाळून नाव आणि इयत्ता घातलेली. बाजूला एका डब्यात साखरेच्या आजाराच्या मुलाची सुई, फिट येणाऱ्या एका मुलीचं औषध. सगळं कसं नीटनेटकं मांडलेलं. बाईंनी आमचा पंप शोधून माझ्या हातात ठेवला आणि कपाट लावून किल्ली फिरवली.

"आणि बाकीचे?" जाऊबाईंनी विचारलं.

"त्यांच्यासाठी पत्र नाहीये ना," बाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाई बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "कागद द्या," म्हणाल्या. बाईंनी दिला. जाऊबाईंनी लिहिलं की या शाळेतल्या सर्व मुलांची तातडीची औषधं त्यांच्याजवळ द्यावीत, असा नियम आहे, आणि तो मी कळवत आहे. खाली स्वतःचं नाव, हुद्दा, ऑफिस. हुद्दा म्हणजे काय, आवक-जावक लिपिक. असा कागद द्यायचा अधिकार त्यांना सात जन्मांत नाही. नोकरीवर बेतेल, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

"वहिनी, विचार करा," मी म्हटलं. चक्क मी!

"केला," त्या म्हणाल्या. "गप्प बस तू."

बाईंनी कागद वाचला. दोन्ही हातांत धरून वाचला. मग अडखळत म्हणाल्या, "यावर क्रमांक नाहीये."

"घाला तुम्हाला आवडेल तो," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी किल्ली टेबलावरून पुढे सरकवली.

आता जाऊबाईंची चौकशी लागली आहे. अधिकाराबाहेर जाऊन लेखी आदेश दिला म्हणून. चिठ्ठ्या सोलणाऱ्याची चौकशी नाही, सोललेलं झकास म्हणणाऱ्याची नाही. साइट अजून तशीच आहे, आणि बाकीच्या शाळांतली कपाटं कुलपात.

पण त्या सकाळी आम्ही पंप ओंजळीत घेऊन वर्गावर्गात गेलो. खालच्या एका वर्गात कोपऱ्यातल्या बाकावर एक मुलगी ओठ घट्ट मिटून, खांदे उचलून बसली होती. जाऊबाईंनी तिच्या नावाचा पंप पुढे केला. तिने तो हिसकावूनच घेतला, तोंडाला लावला, दाबला, पुन्हा दाबला. हळूहळू खांदे खाली आले.

"कधीपासून होतंय गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"प्रार्थनेपासून," ती म्हणाली. "सारखं सारखं ऑफिसात गेलं की ओरडतात."