द्रौपदी मागे राहते तेव्हा

वहिनी गेल्याचा निरोप मला माझ्या न्हाणीघराच्या दारात, ओल्या अंगानं, पुतण्याच्या फोनवरून मिळाला. तेरा दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होतो आणि नेमका अंघोळ करून येतो म्हणून तासाभरासाठी सिडकोतल्या घरी आलो, तेवढ्यात त्या निघून गेल्या. आता दीड महिना होत आला, पण तो तास काही माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते सांगायचं तर आधी वहिनी कोण होत्या ते सांगायला हवं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. नाव दादांचं, पण चालवत वहिनीच. शाळा चौथीपर्यंत झालेली, गावातल्या सप्ताहांत ऐकलेल्या कथा मात्र सगळ्या तोंडपाठ. आम्हा नाशिककरांना रामकथा तशीही लांबची वाटत नाही, गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, शेजाऱ्यांकडं काय घडलं ते सांगावं तशी आम्ही ती सांगतो. वहिनींचं त्यापुढं एक पाऊल. घरात काही उलथापालथ झाली की त्या आधी गोष्ट शोधत आणि मग रडायचं की हसायचं ते ठरवत.

मी अंबडच्या एका कारखान्यात फिटर होतो. पंचेचाळिशीत असताना कारखान्याला टाळं लागलं. घरी सांगायची हिंमत झाली नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि तपोवनात झाडाखाली दिवस काढून परत यायचो. एक दिवस तिथल्या देवळात हार पोचवायला आलेल्या वहिनींनी मला पाहिलं. वाटलं, झालं, आता बोभाटा होणार. त्या शेजारी येऊन बसल्या, माझा डबा उघडला, माझ्याच बायकोनं केलेली भाजी चाखली आणि म्हणाल्या, "भाऊजी, अज्ञातवास चाललाय व्हय?"

मी मान खाली घातली.

"अवो, खाली काय बघता? एवढी गदा फिरवणारा भीम, विराटाच्या घरी आचारी झाला. अर्जुनानं बांगड्या भरल्या. द्रौपदी राणीची वेणी घालायची, हार गुंफायची. पण झाडाखाली बसून कुणीच नाय राहिलं. हार गुंफणारी मी हायेच. तुम्ही भीम व्हा. उद्यापासून पाट्या उचला."

वर्षभर मी झेंडूच्या पाट्या उचलल्या. बायकोला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी मला सांगायला लावलं. अज्ञातवास जगापासून असतो, घरच्यांपासून नाही, असं त्यांचं म्हणणं. बायको चिडली, रडली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून डब्यात वहिनींचीही भाजी द्यायला लागली. पुढं नोकरी मिळाली, लहानशीच. पण त्या वर्षी मी मोडून पडलो नाही तो वहिनींमुळं. हे त्यांना कधी सांगितलं नाही. दीर-वहिनीत असलं कुठं बोलतात...

नंतर मळ्याचे प्लॉट पडले आणि दादा-वहिनी फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. मातीत राबलेली बाई, झुरेल असं आम्हाला वाटलं होतं. "सीतामाईनं पर्णकुटीत संसार केला, आपल्याला तर लिफ्ट हाय," म्हणत त्यांनी बाल्कनीत शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. लिफ्टमध्ये पाय ठेवताना रामाचं नाव घ्यायच्या, एवढंच.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आम्ही त्यांना घरी आणलं. मी सवयीनं विचारलं, "आता कुठली गोष्ट, वहिनी?" त्या छताकडं पाहत म्हणाल्या, "हीच सापडंना, भाऊजी." इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच ऐकत होतो. मी घाबरलो.

सावित्रीची आठवण काढून पाहिली, तर म्हणाल्या, "ती नवऱ्यासाठी भांडली. तुमचे दादा भांडतील का यमाशी? पेपर वाचून झाला की बघतो म्हणतील." हसता हसता त्यांना खोकला लागला. चार दिवसांनी एका दुपारी त्या आपणहूनच बोलल्या. "सापडली. पण ती नको वाटती." पांडव शेवटी हिमालयात चालत निघतात ती गोष्ट. सगळ्यांत आधी द्रौपदी पडते आणि धर्मराज मागं वळूनसुद्धा बघत नाही.

मला दादांची चाल आठवली. लग्न झाल्यापासून ते वहिनींच्या दहा पावलं पुढं चालत आले. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यातसुद्धा. जीव नव्हता असं नाही. वळून बघायचं असतं, हेच त्यांना कधी सुचलं नाही.

"पडायचं काय नाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण एकानं तरी थांबायचं ना..."

"भीम थांबला," मी म्हणालो. "तिच्यापाशी बसला. उठलाच नाही."

"असं नाय गोष्टीत. भीमानं नुसतं इचारलं, ही का पडली म्हणून. मग तोबी गेला फुडं."

"आमच्या भीमाची गोष्ट वेगळी आहे."

त्यांनी माझा हात दाबून धरला. बाहेरच्या खोलीत दादांनी पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

आणि असं म्हणणारा मी, अंघोळीला निघून गेलो! दहाव्याला रामकुंडावर पुतण्यापाशी हे बोलताना मला रडू आवरेना. तो म्हणाला, "काका, तुम्ही निघालात ना, तसे आप्पा उठले आणि तुमच्या खुर्चीवर जाऊन बसले." आप्पा म्हणजे आमचे दादा. "आईनं डोळे न उघडताच विचारलं, 'भाऊजी?' आप्पा म्हणाले, 'मी हाय. थांबलोय.' आई हसली, काका. हात त्यांच्या हातातच होता शेवटपर्यंत."

हल्ली संध्याकाळी मी दादांना घेऊन कॉलनीत फेरी मारतो. गुडघे दुखतात, तरी चाल तीच, झपझप. फक्त प्रत्येक वळणाशी ते थांबतात आणि मागं वळून रस्ता बघतात. मी शेजारीच उभा असतो, मागं कुणी नसतं. थोडा वेळ जातो, मग ते म्हणतात, "चल."