जनाबियातली खोली आणि युरोपचे व्याजदर

युरोपवाल्यांना नेमका गुरुवारच कसा सापडतो, देव जाणे! आमच्याकडे बहारीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. गुरुवारी दुपारी ऑफिसात 'यल्ला, खलास', चला, संपलं काम, सुरू झालं, की तिकडची मध्यवर्ती बँक व्याजदर जाहीर करते. मी बँकेत ट्रेझरीला, व्याजदरांवर नजर ठेवणाऱ्या विभागात, म्हणून मी एकटीच स्क्रीनला चिकटलेली.

पण मला त्या प्रकाराचं भारी कुतूहल. कुणाच्याही खिशात हात न घालता इतक्या देशांतला पैसा आटवायचा, म्हणजे काय चेष्टा आहे? जेवताना मी लेकीला समजावलं, "ती युरोपची मोठी बँक बाकीच्या बँकांना म्हणते, पैसे माझ्याकडे ठेवा, जास्त व्याज देते. मग त्या लोकांना स्वस्तात कर्ज कशाला देतील?"

"बट व्हेअर डज द मनी गो?" लेकीला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला काही सांगता येईना.

नवरा हसला. "अगं, आपल्या दिनारचा भाव डॉलरला बांधलेला. युरोपचं खूळ कशाला डोक्यात घेतेस?" इथे सगळे असंच म्हणतात आणि निर्धास्त राहतात.

तो सखीरजवळच्या एका बांधकामावर इंजिनीअर, कंपनी युरोपातली. दुसऱ्या टप्प्याचं काम त्यालाच मिळणार, या भरवशावर हूऱ्यातला फ्लॅट सोडून जनाबियातल्या व्हिलात जायचं ठरलं होतं. लेकीने खोली निवडली होती, रंगाचं कार्डही आणून ठेवलं होतं. व्हिलाच्या करारावर सही एका गुरुवारी होती.

त्याच दुपारी दर पुन्हा वाढले. मी नवऱ्याला फोन लावला, "सही करू नकोस."

"झालं तुझं सुरू! अगं, दिनार..."

"दिनार राहू दे रे! तुमचा दुसरा टप्पा कुणाच्या कर्जावर उभा राहणार? तिकडच्याच बँकांच्या ना?"

तो म्हणाला, "थांब, साहेबाला विचारतो."

त्याचा गोरा साहेब कधी नव्हे ते 'इंशाल्ला', देवाची मर्जी असेल तर, म्हणाला, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. सही राहिली. पुढे दुसरा टप्पा रद्दच झाला. माझं खरं ठरलं, आणि मला रडू आलं.

लेकीच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येत होतं. "पैसा कुठे जात नाही गं. बँक कर्ज देते तेव्हा तो तयार होतो. कर्जच दिलं नाही, तर तो जन्मालाच येत नाही."

ती रंगाचं कार्ड बघत बसली. मग चक्क मराठीत म्हणाली, "म्हणजे माझी खोली पण?"