संख्या मी काढली होती

ह्यांच्या शाळेतले एक सर त्या रविवारी केडगावला आमच्या घरी चहाला आले होते. हे हायस्कूलला गणित शिकवतात. कप उचलता उचलता पाहुणे म्हणाले, "वहिनी, सरांनी कमाल केली! ती नऊ आकडी संख्या अख्ख्या स्टाफरूमला सुटत नव्हती."

मी ट्रे धरून तशीच उभी राहिले.

ती संख्या मी काढली होती. ३८१६५४७२९. एक ते नऊ आकडे, प्रत्येक एकदाच. डावीकडचे दोन आकडे घेतले तर दोनने भाग जातो, तीन घेतले तर तीनने, असं थेट नऊपर्यंत. अशी संख्या एकच आहे. ह्यांनी हे कोडं घरी आणलं, दोन दिवस डोकं खाजवलं आणि सोडून दिलं. मी दहावी शिकलेली. गणितात पहिली असूनही कोपरगावकडच्या माझ्या माहेरी कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही. पण चार दुपारी मी कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आकडेमोड करत खपले. शेवटी दहा संख्या उरल्या. सातच्या भागाकारात नऊ बाद झाल्या, उरली ही. घरात कोणी नव्हतं. मी एकटीच मोठ्याने हसले. संध्याकाळी कागद दाखवला, तर "बरोबर दिसतंय" म्हणून ह्यांनी घडी करून खिशात घातला.

आणि आता हे खाली बघून बिस्कीट चहात बुडवत होते.

"अहो," मी म्हणाले, "पाचव्या जागी पाचच का, ते सांगितलंत का सरांना?"

"आत जा. पोहे बघ."

"पोहे झालेत. चौथ्या जागी दोन नाहीतर सहाच का येतो, ते तरी सांगा."

पाहुणे ह्यांच्याकडे बघू लागले. ह्यांनी दुसरं बिस्कीट उचललं. मग मीच सांगितलं. शून्य नाही, म्हणून पाचवा आकडा पाच. सम जागांवर सम आकडे, म्हणजे तिसरा विषम. मग चारने भाग जायला चौथा दोन किंवा सहाच हवा. रागाने माहेरची बोली तोंडात आली. "ही मी काढली हाय. ह्यांनी न्हाई."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले आणि थोड्या वेळाने उठले.

दार लागताच हे ओरडले, "परक्यासमोर शोभा केलीस माझी! एका आकड्याने तुला काय मिळणार होतं?"

"काही मिळणार नव्हतं, तर तुमी कशाला घेतला?"

ह्यांनी टीव्ही लावला.

आता शाळेत हे सांगतात, "आम्ही दोघांनी मिळून काढली." भेटणाऱ्या बायका मला म्हणतात, सरांचं मन किती मोठं! ते ऐकलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.